हात लावून पाहा

मुलांनो, तुमच्या शाळेची सहल गेल्या वर्षी कुठे गेली होती? आमची गेली होती बागेत. आता तुम्ही म्हणाल, बाई, बागेत काय सहल न्यायची? पण आमची शाळा नवी मुंबईत. इथे सेक्टर आहेत तशा बागाही आहेत, आणि चौथीच्या पोरांना डबा, घसरगुंडी आणि मोकळं गवत मिळालं की पुरे असतं.

माझ्या वर्गात त्या वर्षी एक मुलगी होती. तिला जन्मापासून दिसत नाही. तिचं खरं नाव इथे छापायचं नाही, असं तिनंच मला बजावलंय. ‘छापायचंच असेल तर चिमणी म्हणा,’ म्हणाली. तेव्हा आपणही चिमणीच म्हणू.

बागेत पोचल्याबरोबर बाकीची पोरं उधळली. मला काळजी चिमणीची. पडली, कुणी ढकललं तर? मी तिला एका बाकावर बसवलं, हातात वेफर्सची पुडी दिली आणि सगळ्यांची दप्तरं तिच्या शेजारी रचून म्हटलं, ‘तू ही सांभाळ हं. मोठं काम आहे.’ मला वाटलं, किती छान युक्ती काढली मी!

दुसऱ्या दिवशी ‘आमची सहल’ यावर निबंध लिहायचा होता. सगळ्यांनी लिहिला. गवत हिरवेगार होते, फुले रंगीबेरंगी होती, वगैरे. तुम्हीही असंच लिहिता, मला माहितीये. चिमणी ब्रेलमध्ये लिहिते. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा विशेष शिक्षिका येतात, त्यांनी तिचा कागद वाचून दाखवला. तीनच वाक्यं होती.

‘बाक गरम होता. मागे कुठेतरी पाणी पडत होते. ते कुठे आहे ते मला समजले नाही.’

मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं? चाळीस मुलांना बागेत नेलं आणि एकीला बाकावर. शिवाय तिला कामाला लावल्याचा आनंद मानला, तो वेगळाच.

त्या रविवारी मी एकटीच त्या बागेत परत गेले. म्हटलं, चिमणीच्या बाजूनं ही बाग कशी आहे ते बघू तरी. पाणी म्हणजे एक छोटं कारंजं होतं, बाकापासून वीसएक पावलांवर, पण मधे मेंदीचं कुंपण. सगळ्या वाटांना एकाच जातीची फरशी. घसरगुंडीकडे जाणारी आणि फाटकाकडे जाणारी वाट पायाला सारखीच लागते. झाडं सुंदर होती, पण सगळी गजांच्या पलीकडे. आणि जागोजागी पाट्या : ‘फुलांना हात लावू नये’, ‘गवतावर चालू नये’. इतकी वर्षं या पाट्या मी वाचत आलेय आणि त्यात मला कधी काही खटकलं नव्हतं. त्या दिवशी लक्षात आलं की चिमणीसाठी या पाटीचा अर्थ ‘फुलांकडे पाहू नये’ असा होतो.

म्हणजे बाग कुणीतरी नीट विचार करून आखली होती, फक्त तो विचार डोळ्यांपुरता होता.

पण सगळ्याच बागा अशा नसतात बरं. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन वनस्पती उद्यानात १९५५ साली अॅलिस आयरिज नावाच्या बाईंनी खास न दिसणाऱ्यांसाठी एक सुगंधी बाग आखली. त्यातले वाफे जमिनीवर नाहीत, कमरेइतके उंच आहेत. वाकावं लागत नाही. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्याही नाकापर्यंत पान येतं. आपल्याकडे दिल्लीत २००३ साली ‘गार्डन ऑफ फाइव्ह सेन्सेस’, म्हणजे पंचेंद्रियांची बाग, सुरू झाली. वीस एकरांची आहे! आणि लांब कशाला, आपल्या सानपाड्यातही ‘सेन्स गार्डन’ नावाची बाग आहे. नवी मुंबईकर पालकांनो, एखाद्या संध्याकाळी मुलांना घेऊन जा, आणि तिथे मुलांनी एखादं पान चुरगळून वास घेतला तर रागावू नका.

आमच्याकडे काही वीस एकर नव्हते. पाण्याच्या टाकीच्या मागे एक पट्टा होता, लांबीला सव्वीस पावलं आणि रुंदीला सहा. तुटके बाक आणि रंगाचे रिकामे डबे टाकायची जागा. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, पैसे दिले नाहीत. चालायचंच.

वर्गात मी विचारलं, ‘डोळे मिटले तरी कळेल अशी बाग करायची आहे. काय काय लावू या?’ पोरं लागली ओरडायला. मोगरा! रातराणी! तुळस! निशिगंध! सोनचाफा! एकानं सुचवलं कण्हेर, कारण ती रस्त्याच्या दुभाजकात सगळीकडे दिसते आणि मरत नाही. हे मात्र मी लगेच खोडलं. कण्हेर विषारी असते, पान, फूल, खोड, सगळं. पिवळी कण्हेर, धोतरा, रुई, तेही नको. रुईचा चीक डोळ्यात गेला तर भारी पडतो. ज्या बागेत ‘हात लावा’ असं सांगायचं, तिथे आधी हे बघावं लागतं.

आमचा पहिला बेत असा झाला : सुवासाची सगळी झाडं एका रांगेत, आणि वर दोरीला घंटा, शिंपले, डब्यांची झाकणं. वारा आला की सगळं वाजणार. पालकांनी कुंड्या दिल्या, कुणी घरच्या फांद्या खोचायला दिल्या. बहर आल्यावर चिमणीला हाताशी धरून नेलं. ती दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, सगळे एकदम बोलतायत.’

पोरांचे चेहरे पडले. मला मात्र ते वाक्य पटलं. वर्गात चाळीस जण एकदम बोलले तर मला काय कळतं? नाकाचं तर असं असतं की एकच वास सतत येत राहिला तर थोड्या वेळानं तो जाणवेनासाच होतो. अत्तराच्या दुकानात बसणाऱ्याला दुकानाचा वास येत नाही, तसं. आणि घंटांच्या आवाजात बाकीचे सगळे आवाज बुडाले होते. न दिसणाऱ्या माणसाला आवाज करमणुकीसाठी नको असतात, रस्ता कळण्यासाठी हवे असतात. हे मला डी. एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

मग आम्ही चिमणीलाच विचारलं, तुला ठिकाणं ओळखू कशी येतात? (आधी हेच विचारायला हवं होतं, नाही का?) ती सांगायला लागली आणि वर्ग ऐकत राहिला. ती आजीकडे मुंबईला लोकलनं जाते. वाशी सुटल्यावर गाडीचा आवाज एकदम पोकळ होतो, की समजायचं, खाडीचा पूल आला. बसमध्ये तुर्भ्याला मसाला मार्केटचा वास येतो, सुक्या मिरचीचा, धण्याचा. एप्रिल-मेमध्ये त्यात आंबा आणि पेंढा मिसळतो. ओहोटीच्या वेळी खाडीला कुजल्या अंड्यासारखा वास येतो. (कांदळवनाच्या चिखलात हवा शिरत नाही. तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार करतात, त्याचा हा वास. तो घाणीचाच असतो असं नाही.) आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो! २०१५ साली ठाणे खाडीत त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, २०२२ साली त्या खाडीला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळालं. लोक नेरुळच्या तळ्यावर हे एवढाले कॅमेरे घेऊन त्यांचा गुलाबी रंग टिपायला जातात. चिमणी म्हणाली, ‘ते नाकातून बोलतात. बदकांचं भांडण चाललंय असं वाटतं.’ आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी ते पक्षी पाहिले होते. त्यांचा आवाज एकाच्याही लक्षात नव्हता.

मग दुसरा बेत आखला. या वेळी नकाशा कागदावर नाही, जमिनीवर दोरी टाकून केला, म्हणजे चिमणीलाही तो पायानं वाचता येईल.

आधी पायाखालची वाट. सुरुवातीला गुळगुळीत शहाबादी फरशी, मग विटा, मग वाळूचा पट्टा, शेवटी बारीक खडी. चपलेतूनसुद्धा फरक कळतो, आणि पांढऱ्या काठीचा आवाज प्रत्येक ठिकाणी वेगळा येतो. ही कल्पना आमची नाही हो. रेल्वे फलाटांवर पिवळ्या, उंचवट्यांच्या लाद्या तुम्ही पाहिल्या असतील. बेलापूर ते पेंधर मेट्रो २०२३ मध्ये सुरू झाली, तिच्या स्थानकांतही बघा. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली या लाद्या तयार केल्या आणि १९६७ साली त्या पहिल्यांदा ओकायामा शहरात अंध मुलांच्या शाळेजवळ रस्त्यावर बसवल्या गेल्या. लांब रेघा असल्या की ‘चला’, गोल ठिपके असले की ‘थांबा, जपून’. पुढच्या वेळी स्टेशनवर गेलात की बुटातून चाचपून बघा. आणि कुणी त्या लाद्यांवर स्कूटर लावलेली किंवा बोचकं ठेवलेलं दिसलं, तर ती कुणाच्या तरी वाटेतली भिंत आहे हे ध्यानात घ्या. पालकहो, हे तुम्हालाही सांगतेय.

मग झाडं, पण एकेक करून, मधे अंतर सोडून. वारा दिवसा बहुधा खाडीकडून येतो, म्हणून सुवासाची झाडं त्या बाजूला. सुरुवातीला पानओवा. त्याचं पान जाड, लवदार आणि मऊ, मांजराच्या कानासारखं. चुरगळलं की ओव्याचा वास. पुढे कोरफड, गार आणि गुळगुळीत, कडेला काटे. मग लाजाळू. लाजाळू म्हणजे मुलांची लाडकी, पण तिचं मिटणं डोळ्यांनी बघायचं असतं असंच मी समजत होते. चिमणीनं बोटाचं टोक पानावर ठेवून ठेवलं आणि म्हणाली, ‘गुदगुल्या होतात, मिटताना.’ तुम्ही करून बघितलंय कधी? खोडाला काटे असतात, जपून.

शेवटी पारिजातक. एका झाडात दोन गमती आहेत याच्या. फूल नाजूक आणि सुगंधी, पण पान? सुताराच्या पॉलिश पेपरसारखं खरखरीत! मी लहानपणापासून पारिजातकाची फुलं वेचत आलेय, पानावरून हात फिरवल्याचं आठवत नाही. रात्री फुलणारी पुष्कळशी फुलं पांढरी आणि जोरदार वासाची असतात, कारण अंधारात पतंगांना बोलवायचं असतं. म्हणजे डोळ्यांवर भरवसा न ठेवता पाहुण्यांना वाट दाखवायची विद्या झाडांना फार आधीपासून येते. रातराणी आम्ही वगळली. ती फुलते तेव्हा शाळा बंद असते, आणि तिच्या वासानं काहींचं डोकं दुखतं.

एक अपघातही झाला. गवती चहा आम्ही वाटेच्या अगदी कडेला लावला होता. लिंबासारखा वास छान येतो, पण त्याच्या पात्याला धार असते. चिमणीनं पातं वरून खाली ओढलं आणि बोट कापलं. रक्त बघून मी इतकी घाबरले की सगळा उद्योग बंद करायला निघाले होते. तिच्या आईला चिठ्ठी लिहिली, माफी मागितली. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्या म्हणाल्या, ‘बाई, बाकीची पोरं गुडघे फोडून घेतात, तेव्हा तुम्ही चिठ्ठ्या लिहिता का?’

गवती चहा आम्ही हातभर मागे सरकवला. काढला नाही.

कानांसाठी फार काही करावं लागलं नाही. फाटकापाशी जुना पिंपळ आहेच. पिंपळाच्या पानाचे देठ लांब आणि बारीक असतात, त्यामुळे जराशा वाऱ्यानंही पानं हलून एकमेकांवर आपटतात. बाकीची झाडं गप्प असतात तेव्हाही पिंपळ सळसळत असतो, कधीकधी तर पाऊस आल्यासारखं वाटतं. पट्ट्याच्या मध्यावर खुळखुळ्याचं झुडूप लावलं. याच्या शेंगा वाळल्या की आतल्या बिया सुट्या होतात आणि हलवलं की खुळखुळतात. नावच खुळखुळा! घंटा सगळ्या काढून टाकल्या.

आणि पाणी. ते तर हवंच होतं. कारंजं आम्हाला परवडणार नव्हतं. शिपाईमामांनी तळाला बारीक भोक पाडलेलं एक मडकं बाभळीच्या फांदीला टांगून दिलं आणि खाली पत्र्याचा डबा पालथा ठेवला. टप्, टप्, टप्. डबा पालथा कशासाठी? पाणी साचायला नको, साचलं की डास. मडकं रोज सकाळी कोण भरणार यावरून भांडणं झाली, शेवटी पाळ्या लावल्या.

झाडांची नावं चिमणीनं लिहिली. ब्रेलची पाटी आणि टोचणी घेऊन उजवीकडून डावीकडे उलटं टोचायचं, म्हणजे कागद पालथा केला की उठावाचे ठिपके डावीकडून उजवीकडे वाचता येतात. प्रत्येक अक्षर सहा ठिपक्यांच्या घरात बसतं. मराठीसाठी जे ब्रेल वापरतात त्याला भारती ब्रेल म्हणतात, १९५१ पासून भारतातल्या बहुतेक भाषांसाठी तेच आहे. कागद पावसात टिकला नसता, म्हणून आम्ही जुन्या एक्स-रेच्या फिल्म वापरल्या. कुणाच्या तरी आजोबांच्या गुडघ्यावर ‘पारिजातक’ लिहिलंय! खाली शाईनं देवनागरीतही लिहिलं, कारण ब्रेल न येणारे आम्ही बिचारे चाळीस जण.

आता तुम्ही विचाराल, बाई, मग तुम्ही सगळ्यांचे डोळे बांधून त्या बागेत फिरवलंत का? एकदा फिरवलं. मजा आली, किंकाळ्या झाल्या, दोघं कोरफडीत पडले. पण त्यातून ‘न दिसणं म्हणजे काय ते आम्हाला कळलं’ असं एकानं वहीत लिहिलं, ते मी खोडलं. पाच मिनिटं पट्टी बांधलेला मुलगा भांबावतो, चिमणी भांबावत नाही. तिला सवय आहे, विद्या आहे, ती आपल्याला नाही. तुम्ही घरी करून बघणार असाल तर चालू नका. गॅलरीत नाहीतर खिडकीशी बसा, दहा मिनिटं डोळे मिटा आणि किती आवाज, किती वास, ते बोटांवर मोजा. वारा गालाच्या कुठल्या बाजूला लागतो तेही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. चिमणी आता पाचवीत गेली आहे, पण शाळा तीच. पहिल्या पावसाच्या दिवशी मी मुद्दाम तिला पट्ट्याकडे घेऊन गेले. म्हणजे मीच तिचा हात धरून नेत होते, तर तिनं तो सोडवून घेतला आणि माझं कोपर धरलं. ‘असं धरायचं असतं, बाई. तुम्ही ओढायचं नाही, मी मागून येते.’ (पालकहो, रस्ता ओलांडायला कुणाला मदत करताना हे आठवा. आपण सरळ दंड धरून ओढतो.)

ओल्या मातीचा वास येत होता. मी तिला सांगितलं की या वासालासुद्धा शास्त्रज्ञांनी नाव दिलंय, पेट्रिकोर. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी १९६४ साली ते ठेवलं. मातीतले जिवाणू जिऑस्मिन नावाचं एक द्रव्य तयार करतात, थेंब पडले की ते हवेत उडतं, आणि माणसाचं नाक ते अगदी कणभर असलं तरी ओळखतं. आपल्या उत्तर प्रदेशात कनौजला तर या वासाचं अत्तर काढतात, मातीचं अत्तर! चिमणी ऐकत होती, पण तिचं अर्धं लक्ष दुसरीकडे होतं.

झालं होतं असं, की शाळेत नवीन आलेले वॉचमनकाका टाकीची चावी शोधत होते. चावी मडक्याशेजारच्या खिळ्याला असते. त्यांना मागची बाजू माहीत नव्हती. चिमणीनं माझं कोपर सोडलं आणि त्यांना सांगायला लागली :

‘काका, फाटकातल्या पिंपळाकडे पाठ करा. सरळ चला. फरशी संपून विटा लागतील. ओव्याचा वास आला की तुम्ही बरोबर आहात. वाळू लागली की खुळखुळा उजव्या हाताला. गवती चहाला हात लावू नका, कापेल. मग पाणी ऐकू येईल. तिथेच थांबा.’

काका गेले आणि चावी घेऊन आले. येताना हाताचा वास घेत होते.